सणासुदीचे भूत

सणावारी भुताखेतांचे नाव काढू नये, असा माझ्या आजीचा दंडक होता. दिवाळीच्या सुटीत आजोळी जमलेली आम्ही मुले ओसरीवर दिवा बारीक करून बसलो आणि कुणी पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट काढली, की माजघरातून तिचा आवाज येई, आणि गोष्ट तिथेच मोडे. असे असूनही मी माझ्या आयुष्यातले पहिले भूत पाहिले ते सणाच्याच दिवशी, आणि तेही आजीच्याच मांडीला चिकटून बसून. दिवस महाशिवरात्रीच्या यात्रेतला होता. गाव मुक्ताईनगर. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला एदलाबादच म्हणत असे.

या गावाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई १२९७ साली याच परिसरात, तापीच्या काठी, विजेच्या कल्लोळात गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कोथळीला आणि मेहूणला तिची मंदिरे आहेत. पलीकडे तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे जुने दगडी देऊळ आहे. माघ महिन्याच्या वद्य पक्षात, महाशिवरात्रीच्या सुमाराला, चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात. दर्शन झाले की माणसे रेवड्या घेतात, बांगड्या भरतात, पाळण्यात बसतात. आणि माझ्या लहानपणी आणखी एक गोष्ट करीत. ती म्हणजे तंबूतला सिनेमा पाहत.

त्या तंबूशी आमचे नाते घरचे होते. माझा धाकटा मामा त्यात यंत्र चालवीत असे. दिवाळीची भाऊबीज झाली की तो घर सोडी आणि तंबूच्या ट्रकबरोबर या यात्रेतून त्या यात्रेत फिरे. पाऊस जवळ आला म्हणजे परते. मधल्या सहा महिन्यांत संक्रांत येई, होळी येई, पण मामा येत नसे. आजीचा याच्यावर राग होता. सिनेमावर नव्हे, हे इथे नमूद केले पाहिजे. तिच्या मते प्रत्येक माणसाने सणाला आपल्या घरी असावे, एवढेच तिचे म्हणणे होते.

मी नऊ वर्षांचा असताना तंबू आमच्याच गावच्या यात्रेत आला. आजी दर्शन करून परतताना मला घेऊन सरळ तंबूत शिरली. लेक कुठे काम करतो ते तिला एकदा पाहायचे होते. दोरी बांधून बायकांची बाजू वेगळी केली होती, तिथे आम्ही जमिनीवर बसलो. बाहेर जनित्र धडधडत होते. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की अंधार होई, मुले शिट्ट्या मारीत आणि मामा नवे रीळ चढवी. चित्रपट होता ‘पुराना मंदिर’. १९८४ साली निघालेल्या या चित्रपटावर सेन्सॉरने ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मारलेला होता, पण तंबूच्या दारात असली विचारपूस करण्याची रीत नव्हती. एका राजाने सामरी नावाच्या दैत्याचे मुंडके छाटून पेटीत घातले आहे, पेटीवर शंकराचा त्रिशूळ ठेवला आहे, आणि धड दुसरीकडे पुरले आहे. त्रिशूळ हलला की अनर्थ होणार. महाशिवरात्रीच्या यात्रेत शंकराच्या त्रिशूळाची ही गोष्ट चालू होती, तेव्हा तंबूतल्या निम्म्या बायकांनी पडद्याला हात जोडले. आजीनेही जोडले. सामरी उठला तेव्हा मी तिच्या पदरात तोंड खुपसले. ती मला थोपटीत म्हणाली, “भिऊ नको रे दादा, आपला मामाच हाय तिथं मागे.”

खेळ संपल्यावर ती यंत्राजवळ गेली. मामा काळवंडलेल्या हातांनी रीळ उलटे गुंडाळीत होता. चित्रपट कसा वाटला हे ती बोलली नाही. तिने एवढेच विचारले, “आखाजीले येशीन ना रे?”

“येतो ना माय,” मामा म्हणाला.

भयपट आणि सण यांचा विचार मी पुढे पुष्कळ केला. पण तो जेव्हा जेव्हा मनात येतो तेव्हा त्याच्या मुळाशी आजीचा हा प्रश्न असतो. तो का असतो, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम ‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या मंडळींकडे वळू. फत्तेचंद रामसिंघानी हे फाळणीनंतर सिंधहून मुंबईत आलेले गृहस्थ. रेडिओच्या धंद्यातले. पुढे ‘रामसे’ या सुटसुटीत नावाने ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला. त्याचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, म्हणजे ‘रणांगण’ कादंबरीचे कर्ते. मराठी वाङ्मयाच्या वाचकाला ही गोष्ट ऐकून थोडी मौज वाटेल. चित्रपट पडला. पण त्यातला एक प्रसंग पडला नाही. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढा भाग आला की प्रेक्षक सावरून बसत. रामसे यांच्या मुलांनी हे चित्रपटगृहात बसून पाहिले आणि वडिलांना गळ घातली, की उरलेला पसारा सोडून द्या, ही दहा मिनिटेच आपण दोन तासांची करू.

मुले सात होती. एकाने लेखन घेतले, एकाने ध्वनी, कुणी छायालेखन, कुणी संकलन, आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन. ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा पहिला भयपट १९७२ साली आला. सगळे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिले, तिथल्याच सरकारी विश्रामगृहात राहायचे आणि तिथेच चित्रण करायचे. घरातल्या बायकांनी स्वयंपाकपाणी सांभाळले. खर्च साडेतीन लाखांच्या घरात बसला. त्या काळच्या हिंदी चित्रपटाच्या मानाने ही रक्कम म्हणजे किरकोळच. पण चित्रपट चालला, आणि पुढली जवळजवळ दोन दशके रामसे बंधूंनी ‘दरवाजा’, ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘बंद दरवाजा’ अशी माळच लावली. मोठ्या शहरांतल्या मोठ्या चित्रपटगृहांची त्यांना आस नव्हती. लहान गावे, रात्रीचे खेळ आणि यात्रेतले तंबू हे त्यांचे राज्य होते.

या चित्रपटांत हवेली आहे, तळघर आहे, अमावस्या आहे, वटवाघळे आहेत, देऊळ आहे. सण मात्र नाही. दिवाळीच्या रात्री घरात शिरलेले भूत रामसे बंधूंनी दाखवल्याचे मला आठवत नाही. याचे मला त्या वयात काही वाटले नव्हते. वाटले ते पुढे, परदेशातले स्वस्त भयपट पाहू लागलो तेव्हा. कारण तिकडे या धंद्यातल्या माणसांनी आपल्या सर्वांत मोठ्या सणाचीच रात्र निवडली होती.

नाताळ हा सण आम्हा खानदेशी मुलांना अगदीच परका नव्हता. भुसावळ म्हणजे रेल्वेचे मोठे जंक्शन. तिथून एक फाटा नागपूरकडे जातो, एक इटारसीकडे. डिसेंबरच्या अखेरीस भुसावळला गेले, की रेल्वेच्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरांवर कागदाच्या चांदण्या टांगलेल्या दिसत, आत दिवा लावलेल्या. मला ते आकाशकंदीलच वाटत, दिवाळी संपून महिना झाला तरी न उतरवलेले. हे लोक या चांदण्यांखाली बसून भुतांच्या गोष्टी सांगत असतील, अशी शंका मात्र मला कधी आली नाही.

भुसावळचे ठाऊक नाही, पण इंग्लंडात ते तसे करीत. वर्षातली सर्वांत लांब रात्र, बाहेर थंडी, आत शेकोटी आणि जमलेले घर, एवढी सामग्री असली की भुताची गोष्ट निघणारच. ही तोंडी चाल होती. तिला छापील बाजार दिला तो चार्ल्स डिकन्सने. त्याचे ‘ए ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या १९ डिसेंबरला प्रसिद्ध झाले आणि सहा हजारांची पहिली आवृत्ती नाताळाच्या आत संपली. त्यात कंजूष स्क्रूजच्या दारी येतो तो त्याचा मेलेला भागीदार, साखळ्या ओढीत. पुढे डिकन्स आपल्या नियतकालिकांचे खास नाताळ अंक काढू लागला आणि त्यांत भुताची गोष्ट हा नेमाचा पदार्थ होऊन बसला. १८६६ चा नाताळ अंक तर रेल्वेच्या जंक्शनवरच बेतलेला होता. त्यातली सिग्नलवाल्याची गोष्ट आजही वाचणाऱ्याचे हातपाय गार करते. खोल खणलेल्या मार्गात, बोगद्याच्या तोंडाशी, एकटा सिग्नलवाला रात्रपाळी करतो आहे आणि लाल दिव्यापाशी कुणीतरी उभे राहून त्याला हात करते आहे. आदल्याच वर्षी, १८६५ च्या जूनमध्ये, डिकन्स स्वतः एका भीषण रेल्वे अपघातातून वाचला होता. भुसावळच्या यार्डात रात्री लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे ज्याने पाहिले आहेत, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

डिकन्सनंतर एम. आर. जेम्स आला. हा केंब्रिजमधला मोठा पंडित, जुन्या हस्तलिखितांचा जाणकार. नाताळच्या आदल्या रात्री किंग्ज कॉलेजातल्या आपल्या खोलीत मित्रांना बोलावून, नवी लिहिलेली भुताची गोष्ट तो वाचून दाखवी. मुख्यतः याच गोष्टींवरून १९७१ पासून १९७८ पर्यंत बीबीसीने दर नाताळाला एकेक छोटा चित्रपट काढला. मालिकेतले बहुतेक चित्रपट लॉरेन्स गॉर्डन क्लार्कने दिग्दर्शित केले. पैसा बेताचा होता, म्हणून फौज नाही, महाल नाही. एखादे जुने चर्च, ओसाड समुद्रकिनारा, आणि दूर उभी असलेली एक आकृती. १९७६ साली डिकन्सचा सिग्नलवालाही या मालिकेत आला.

इथपर्यंत भूत बाहेरचे होते आणि सण ही गोष्ट सांगण्याची वेळ होती. अमेरिकेत आणि कॅनडात पुढचे पाऊल पडले. तिथे गोष्टच नाताळच्या रात्री घडू लागली, आणि ती घराच्या आत घडू लागली.

या जातीचा सर्वांत चांगला चित्रपट ‘ब्लॅक ख्रिसमस’. कॅनडात टोरांटोला तयार झाला, १९७४ साली प्रदर्शित झाला, दिग्दर्शक बॉब क्लार्क. खर्च सहा-सात लाख डॉलर, म्हणजे त्या देशाच्या हिशेबाने चिल्लरच. कॉलेजातल्या मुलींचे एक वसतिगृह आहे. नाताळची सुटी लागली आहे. मुली घरी निघाल्या आहेत. माळ्यावर कुणीतरी शिरून बसले आहे, आणि तो खालच्या मजल्यावर दूरध्वनी करतो आहे. एवढीच गोष्ट. मारेकरी कोण, कुठला, त्याचे काय बिनसले आहे, यांतले काही चित्रपट सांगत नाही. त्याचा चेहरासुद्धा नीट दाखवीत नाही. चेहरा दाखवायचा नाही म्हणून कॅमेऱ्यालाच त्याचे डोळे केले. कॅमेरा चालवणाऱ्याने तो अंगाला बांधून घेतला आणि तो स्वतःच घराच्या भिंतीवर चढून खिडकीतून आत गेला. संगीतकार कार्ल झिट्रर याने पियानोच्या तारांना काटे, कंगवे आणि सुऱ्या बांधल्या आणि त्यांतून तो भेसूर नाद काढला. त्या हिवाळ्यात बर्फ पुरेसे पडले नाही, म्हणून आगीच्या बंबाचा फेस अंगणात पसरला. आमच्या रामसे बंधूंना ही माणसे भेटली असती, तर दोघांचे छान जमले असते.

चार वर्षांनी, १९७८ मध्ये, जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ आला. सण दुसरा, पण युक्ती तीच. सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्च. त्यातल्या मारेकऱ्याचा जो मुखवटा पुढे जगभर गाजला, तो दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला एका नटाचा रबरी चेहरा होता, वरून पांढरा रंग फासलेला. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली आणि चित्रण वसंतातले. तेव्हा पाने रंगवून रस्त्यावर टाकायची, चित्रण झाले की झाडून पोत्यात भरायची आणि दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा टाकायची, असे करून त्यांनी निभावले.

आता प्रश्न असा, की गरीब निर्मात्याला सणच का हवा? याचे अर्धे उत्तर हिशेबाचे आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही तो उसने आणतो, आणि सण ही उसनी आणायला सर्वांत सोयीची चीज आहे. रोषणाई लोकांनी आधीच केलेली असते. गाणी शेकडो वर्षांची, त्यांचे मोल कुणाला द्यावे लागत नाही. सांताक्लॉजचा लाल पोशाख कुठल्याही दुकानात मिळतो. शिवाय त्या रात्री घर कसे दिसते, कोण कुठे बसते, दार कुणाला उघडतात, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. तो आपले घर बरोबर घेऊनच चित्रपटगृहात येतो.

या उधारीतच धोका होता, आणि तो १९८४ साली उघडा पडला. ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ नावाच्या चित्रपटात सांताक्लॉजचा पोशाख घातलेला तरुण कुऱ्हाड घेऊन फिरतो. कल्पना नवी नव्हती. १९७२ च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या इंग्रजी चित्रपटातल्या एका गोष्टीत ती येऊन गेली होती. पण या खेपेला जाहिरात मुलांच्या डोळ्यांसमोर दूरचित्रवाणीवर झळकली आणि आईबाप खवळले. चित्रपटगृहांबाहेर निदर्शने झाली, नाताळची गाणी म्हणत लोक दारात उभे राहिले. एका प्रसिद्ध समीक्षक-जोडीने दूरचित्रवाणीवर निर्मात्यांची नावे वाचून त्यांना लाज काढली. दोनेक आठवड्यांत वितरकांनी चित्रपट मागे घेतला. निषेधाचे पत्र लिहिणाऱ्यांत मिकी रूनी हा बुजुर्ग नट होता. याच मालिकेच्या पाचव्या चित्रपटात, १९९१ साली, त्यानेच काम केले. धंद्याची रीत अशी असते. असो.

त्या आईबापांना मी हसणार नाही. ते चिडले ते कुऱ्हाडीमुळे नव्हे. कुऱ्हाडी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. सणाच्या रात्री आपण दार उघडे ठेवतो तो विश्वास कुणी तिकिटावर विकला, याचा त्यांना राग आला. या रागातच प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर आहे. ते मला मिळाले तेही ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्येच.

मी तो प्रथम पाहिला पुण्यात, शिकत असताना, एका मित्राच्या खोलीवर. व्हिडिओची फीत झिजलेली होती. त्या चित्रपटात पहिला बळी जातो तो क्लेअर नावाच्या मुलीचा. मारेकरी तिला माळ्यावर नेऊन खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसवतो. दुसऱ्या दिवशी तिचे वडील ठरल्या जागी येऊन उभे राहतात. सुटी लागली आहे आणि ते लेकीला घरी न्यायला आले आहेत. ती येत नाही. मग ते तिच्या वसतिगृहात येतात, पोलिसांत जातात, बागेत शोधणाऱ्यांबरोबर थंडीत हिंडतात. सबंध चित्रपटभर हा सभ्य, थोडा गोंधळलेला, टोपीवाला माणूस आपल्या मुलीला सणासाठी घरी न्यायला थांबला आहे, आणि मुलगी त्याच्या डोक्यावर दोन मजल्यांवर आहे. माळा कुणी पाहत नाही. चित्रपट संपतो तेव्हाही पाहिलेला नसतो. खालचा दूरध्वनी तेवढा वाजत राहतो.

सण म्हणजे काय, तर माणसे घरी येण्याचा दिवस. म्हणून सणाचे भय एकच असते. येणारा आला नाही, किंवा येऊ नये तो आला. डिकन्सचा साखळ्यांचा भागीदार, लाल पोशाखातला मारेकरी, माळ्यावरचा अनोळखी, हे सगळे त्या उघड्या दारातून आलेले आहेत. आणि हे परदेशातच घडते असे मुळीच नाही. आपला आकाशदिवा हा मुळात पितरांना वाट दिसावी म्हणून कार्तिकात उंच टांगीत. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा ठेवतो. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावस्येची असते. आमच्या खानदेशाचा सर्वांत मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी, त्याच घरात, मातीची घागर भरून पितरांच्या नावाने पूजतात. घरी येणाऱ्यांत लेक आहे आणि पितरही आहेत. दोघांसाठी पुरण एकाच चुलीवर शिजते.

म्हणजे सणावारी भुताचे नाव काढू नये असे म्हणणारी माझी आजी, दर आखाजीला गेलेल्या माणसांना नावाने हाक मारून जेवायला बोलावीत होती. तिला भुताचे वावडे नव्हते. जो आपला आहे तो भूत नव्हे, एवढाच तिचा भेद होता.

इथे एक उपकथा सांगायला हवी, कारण हातातल्या या अंकाशी तिचा संबंध आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर ठेवून. तेव्हा दिवाळी अंक हा डिकन्सच्या नाताळ अंकाचा दूरचा नातलग लागतो. त्या घराण्याची खूण म्हणजे भुताची गोष्ट, तीही मागोमाग मराठीत आली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचकांनी फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचल्या. ‘नवल’, ‘धनंजय’ अशा अंकांची वाट मुले याच कारणाने पाहत. भुताला दिवाळीत आणण्याचे काम आपल्याकडे छापखान्याने केले. चित्रपटाने ते केले नाही.

पण चित्रपटाने दुसरे काही केले, आणि हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. तिकडे भयपटात सण असे. इकडे सणात भयपट असे. रामसे बंधूंनी गोष्टीत यात्रा दाखवली नाही, पण त्यांच्या चित्रपटांची रिळे यात्रेत येऊन पोहोचली, आणि सणाला जमलेले गाव, देवाचे दर्शन घेऊन, कपाळाचा बुक्का न पुसता, एका कनातीखाली बसून एकत्र भ्याले. त्या तंबूत एकटे असे कुणी भीत नव्हते. भूत आले की दोन हजार माणसे एकदम श्वास रोखीत आणि एकदम हसत. मागे उजेडाच्या झोताशी कुणाचा तरी मामा उभा असे.

ते आता राहिले नाही. आधी व्हिडिओ आला, मग घरोघर वाहिन्या आल्या, १९९३ पासून रामसे बंधूंचे भूतही दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर येऊ लागले. पुढे फितीवरचा चित्रपटच बंद पडला आणि जुनी यंत्रे भंगारात वजनावर गेली. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात गौरवला गेला. तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम रामसे २०१९ च्या सप्टेंबरात.

आजी त्याआधी बरीच वर्षे गेली. १९९६ साली दत्तजयंती आणि नाताळ अगदी लागून आले होते. मी सुटीवर घरी आलो होतो. मामाचा तंबू तापीच्याच काठी, पण पार खाली, सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत होता. आजी गेली त्या दिवशी आम्ही तार केली. ती मामाच्या हाती पडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खेळ सुरू झाल्यावर. यंत्र चालवणारा दुसरा माणूस तंबूत नव्हता. बाहेरगावाहून पायी आलेली माणसे तिकीट काढून बसली होती. मामाने उरलेली रिळे एकेक करून चढवली, शेवटचे उतरवले, हात धुतले आणि रात्रीची गाडी धरली. तो राख सावडायला पोहोचला. त्या रात्री कुठला चित्रपट लागला होता, हे मी त्याला कधी विचारले नाही. पुढल्या आखाजीला तो महिनाभर आधीच घरी आला. आजीच्या नावाची घागर त्याने भरली.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो. आता त्याची सत्तरी उलटली आहे. मी या विषयावर लिहिणार आहे म्हटल्यावर, बाहेरचे लोक कसे करतात ते दाखव, असे तो म्हणाला. मी त्याला माझ्या संगणकावर ‘ब्लॅक ख्रिसमस’ लावून दिला. इंग्रजी त्याला कळत नाही, आणि मी भाषांतर करू लागलो तर हाताने गप्प केले. रीळ कुठे बदलले असते ते तो मधूनमधून बोटाने खूण करून सांगत होता. माळ्यावरच्या खुर्चीतली मुलगी त्याने शांतपणे पाहिली. शेवटी घर शांत झाले, दूरध्वनी वाजू लागला, नावे सरकू लागली. दारातल्या कंदिलाचा उजेड भिंतीवर हलत होता. फोन वाजायचा थांबेपर्यंत मामा बसून राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले,

“त्या बापाले कोनी सांगतलं का रे?”

“नाही,” मी म्हणालो.